जुन्या पोर्शेची जाहिरात : एक रसग्रहण

जुन्या गाड्यांच्या जाहिराती हा ललित वाङ्मयाचाच एक प्रकार आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. 'पोर्शे ९११, फारशी न वापरलेली, फक्त रविवारी बाहेर काढलेली.' अहो, ही गाडी की लग्नातला शालू? आक्षेप शैलीवर नाही. जे लिहिलेलं नाही, त्यावर आहे.

सुदैवानं गाडीला अलंकार जमत नाहीत. टायरवर चार आकडे असतात. '२३१७' म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर म्हातारं, आणि म्हातारं रबर ओल्या वळणावर धनी ओळखत नाही. चुकीचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे पिळलं असेल, तर त्याची नोंद इंजिनाच्या संगणकात राहते. १९९७ ते २००८ च्या बिनटर्बोच्या बहुतेक ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग आधी विचारावं. ते फुटलं की अख्खं इंजिन जातं, आणि रविवारच्या गाड्यांनाही ते सोडत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावं. मालकानं ते आधीच गरम करून ठेवलं असेल, तर खुशाल चहा घ्यावा, गार होऊ द्यावं.

काव्य मालकाचं ऐकावं. पैसे मात्र मेकॅनिकच्या गद्यावर मोजावेत.