मूल कुणाचे? : खानदेशातील दोन घटना आणि ‘मुले पळवणाऱ्या टोळी’ची गोष्ट

मूल हरवल्याची तक्रार घेऊन कुणी पोलीस ठाण्यात गेले की ठाणे अंमलदाराचे प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, वय किती, अंगावर कपडे कोणते होते, शेवटचे कुणी पाहिले, किती वाजता पाहिले. या नोंदीत मुलाबद्दल शक्य तेवढे सगळे असते आणि ज्याने नेले त्याची जागा बहुतेक वेळा कोरी असते. तपास म्हणजे ती कोरी जागा भरण्याचे काम. कथनाच्या भाषेत बोलायचे तर खऱ्या हरवलेल्या मुलाची गोष्ट मुलापासून सुरू होते आणि पळवणाऱ्यापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करते. अनेकदा ती पोहोचत नाही, आणि मग ते प्रकरण वर्षानुवर्षे उघडे राहते.

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत २०१८ आणि २०२३ साली घडलेल्या दोन घटनांत हा क्रम उलटा झाला. आधी पळवणारे सापडले. मूल शोधायचे राहिले. दोन्ही घटनांत हरवलेले मूल कधीच पुढे आले नाही, कारण ते नव्हतेच. या घटनांकडे गुन्हेगारीच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे गोष्ट म्हणून पाहायचे आहे. ही गोष्ट कुणी रचली, तिच्यात खलनायकाचे पात्र कुणाला मिळाले आणि ऐकणाऱ्यांना ती इतकी चटकन का पटली?

१. राईनपाडा

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले, पिंपळनेरच्या बाजूचे आदिवासी वस्तीचे गाव. १ जुलै २०१८ हा रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी एसटीतून गावात उतरले. त्यांच्यापैकी कुणी एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आली, असा गलका उठला. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे त्या पाचही जणांचा जीव गेला. मारहाण होत असताना अनेकांचे मोबाइल चित्रण करत होते.

त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, एका कुटुंबावर याच संशयाने जमाव चालून गेला. त्या कुटुंबाबरोबर त्यांचे स्वतःचे लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले म्हणून ती घटना मागे पडली. एका दिवसात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत, तीच गोष्ट दोनदा घडली. त्यामुळे हा एका गावाचा क्षणिक उद्रेक होता, असे म्हणून थांबता येत नाही. गोष्ट आधीपासून तयार होती. माणसे तिच्यात येऊन पडली.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी दोहोंचा उगम पुढे शोधला गेला. एकीत मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून पळतात. ती मुळात कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेसाठी बनवलेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मूल खाली ठेवतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतात. फिरलेल्या फितीतून हा शेवट कापलेला होता. दुसरीतली मुलांच्या मृतदेहांची दृश्ये सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यातली होती. ती अवयव काढून घेतलेल्या आपल्याकडच्या मुलांची म्हणून दाखवली गेली.

समीक्षकाला यात ओळखीचे तंत्र दिसेल. पहिल्या फितीत शेवट काढून टाकल्याने बोधकथेची भयकथा झाली. दुसरीत स्थळ आणि काळ काढून टाकल्याने युद्धाचा पुरावा अफवेचा पुरावा झाला. दोन्हींत नवे काहीच चित्रित केलेले नाही. जे गाळले, त्यातून अर्थ बदलला. आणि दोन्हींत ते मूल कुणाचे, हे सांगणारा तपशीलच गाळला गेला. ज्या मुलाला नाव, गाव आणि आईबाप नाहीत, ते कुठल्याही गावाला आपले वाटू शकते. अफवेला असेच मूल लागते.

२. भुसावळ

दुसरी घटना जळगाव जिल्ह्यातली. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया-पूर्णिया भागातली ५९ मुले उतरवून घेण्यात आली. काही भुसावळला, उरलेली मनमाडला. ती सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा दाखल झाला. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुले बारा दिवस बालगृहांत राहिली आणि नंतर बिहारला परत पाठवली गेली. तपासात तस्करीचा पुरावा मिळाला नाही. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचे सांगून रेल्वे पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये प्रकरण बंद केल्याचा अहवाल दिला.

राईनपाडा आणि भुसावळ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. एकीकडे जमाव होता, दुसरीकडे यंत्रणा. एकीकडे पाच माणसे मेली, दुसरीकडे पाच माणसे सुटली. भुसावळ हे मोठे जंक्शन आहे. घरातून पळालेली, फूस लावून आणलेली, मजुरीला नेली जाणारी मुले अशा स्थानकांवर खरोखर सापडतात. एवढी मुले पालकांविना लांबच्या प्रवासाला निघालेली दिसल्यावर चौकशी करणे हे कर्तव्यच होते. फरक चौकशी आणि निष्कर्ष यांच्या क्रमात आहे. या ५९ मुलांना नावे होती, गावे होती, आईबाप होते. त्यांपैकी कुणी मूल हरवल्याची तक्रार केली होती का, हा प्रश्न गुन्ह्याचे कलम ठरण्याआधी अररियात विचारता आला असता. तो नीट विचारला गेला तेव्हा प्रकरण संपले.

दोन्ही घटनांत गोष्टीतल्या खलनायकाचे पात्र ज्यांना मिळाले, त्यांच्यातही साम्य आहे. ते लांबून आलेले होते. त्यांची बोली वेगळी होती. त्यांच्या वेषावरून त्यांचा पंथ किंवा धर्म ओळखू येत होता. आणि ते मुलांच्या जवळ होते.

३. झोळीवाला

हा खलनायक व्हॉट्सॲपने जन्माला घातलेला नाही. ‘जेवला नाहीस तर झोळीवाला घेऊन जाईल’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ऐकलेले असते. पूल किंवा धरण बांधताना पायात मूल पुरावे लागते, त्यासाठी माणसे मुले शोधत हिंडतात, ही वदंता आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. आता बळीच्या जागी किडनी आली, एवढाच बदल. गोष्टीचा सांगाडा तोच राहिला.

त्याच्यामागे कायद्याचाही इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण फिरता माणूस म्हणजे संशयित, ही समजूत कायद्याबरोबर रद्द झाली नाही. डवरी गोसावी भिक्षेकरी आहेत. दारोदार जाणे हीच त्यांची उपजीविका. अनोळखी गावात, अनोळखी दारात, घरातल्या मुलाबाळांशी बोलणे हा त्या जगण्याचाच भाग आहे.

मराठी साहित्याने या बाजूचे पुष्कळ सांगितले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांनी गावाबाहेरच्या पालातून गाव कसे दिसते, हे १९८० च्या दशकातच वाचकांपुढे ठेवले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पण पुरस्कार मिळालेले पुस्तक आणि झोळीवाल्याची गोष्ट यांच्या पोहोचेत फार अंतर आहे. एक ग्रंथालयात जाते. दुसरी पाळण्यापासून कानावर पडते. आपल्या समीक्षेने पहिल्या प्रकारावर खूप लिहिले. दुसऱ्या प्रकाराला वाङ्मय म्हणून तपासायचे काम तिने फारसे केलेले नाही.

४. मुलाशी बोलणारा माणूस

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या ‘एम’ या चित्रपटात लहान मुलांच्या खुनांनी शहर हादरलेले असते. त्यात एक छोटा प्रसंग आहे. रस्त्यात एक लहान मुलगी एका वयस्क गृहस्थाला किती वाजले विचारते. तो उत्तर देतो. एवढ्यावर लोक त्याला घेरतात. गर्दीच्या लेखी त्याचा गुन्हा एकच, तो मुलीशी बोलला.

१३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. त्याआधी १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, त्यामागेही मुले पळवणारे आल्याची अफवा होती. राईनपाड्यात भिक्षेकरी, गडचिंचलेला साधू, मालेगावात एक कुटुंब. जात आणि धर्म बदलत गेले, गोष्ट बदलली नाही. यातल्या प्रत्येक घटनेला नंतर कुणी ना कुणी आपल्या सोयीचा रंग दिला; पण ओळीने ठेवल्यावर तो रंग टिकत नाही.

‘एम’मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे शहरातल्या मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम भिकाऱ्यांकडे सोपवलेले असते, कारण ते दिवसभर रस्त्यावर असतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. खुन्याला ओळखतो तो फुगे विकणारा आंधळा. राईनपाड्यात ज्यांना मारले, तेही असेच रस्त्यावर राहणारे लोक.

५. खरी प्रकरणे

मुले पळवली जात नाहीत, असे इथे म्हणायचे नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी पश्चिम महाराष्ट्रात मुले पळवली, चोऱ्या करताना त्यांचा वापर केला आणि त्यांपैकी काहींचे खून केले. त्या बहिणींना २००१ साली झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. या तिघी झोळीवाल्या नव्हत्या. गर्दीत मिसळून जातील अशा बायका होत्या. आणि त्या सापडल्या त्या नात्यातल्या वैराचा माग काढताना. गर्दीच्या संशयाने त्या सापडल्या नव्हत्या.

मुंबईत अंधेरीतून २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेला जाताना नाहीशी झाली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली, घरापासून अगदी थोड्या अंतरावर. आरोप होता तो त्याच भागात राहणाऱ्या, तेव्हा मूल नसलेल्या एका जोडप्यावर. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ मुलींचा छडा लागलेला पाहिला होता. राहिलेली १६६वी ही. ते २०१५ साली निवृत्त झाले. तरी तिचा फोटो जवळ बाळगून विचारपूस करत राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर दिलेला आदेश इथे महत्त्वाचा आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असे गृहीत धरून गुन्हा नोंदवा, आणि चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्या, असे त्यात सांगितले आहे. त्याआधी गरिबाघरच्या मुलांच्या तक्रारी रोजनाम्यातल्या एका ओळीवर भागवल्या जात. वरवर पाहता न्यायालयाचे गृहीतक आणि जमावाचे गृहीतक सारखेच आहे : मूल पळवले गेले. पण न्यायालयाचे गृहीतक एका नावाच्या मुलासाठी आहे. ते शोधाला बळ देते. जमावाच्या गृहीतकात मूलच नाही. त्याला फक्त माणूस हवा असतो.

६. न लिहिलेली गोष्ट

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. यातून गोष्टीचा वेग कमी होतो. मात्र लवंगा त्यानंतर चार वर्षांनी घडले.

उरते ते साहित्याचे काम. दिवाळी अंकांतल्या रहस्यकथांनी आणि किशोरांसाठीच्या साहसकथांनी मुले पळवणाऱ्या टोळ्या आपल्याला वर्षानुवर्षे पुरवल्या. त्यांत शोध लागतो, टोळी पकडली जाते, मूल घरी येते. ज्या घरात मूल आलेच नाही, तिथल्या दहा वर्षांची गोष्ट मराठीत क्वचित लिहिली गेली. दर महिन्याला ठाण्यात जाऊन बसणारा बाप, मुलाचे वय वाढले म्हणून फोटोतला चेहरा आता जुळणार नाही ही आईची धास्ती, ‘शोध सुरू आहे’ एवढेच लिहिलेले कागद, यांच्यात टोळी नाही, पाठलाग नाही, म्हणून कदाचित कथाही नाही, असे लेखकांना वाटत असावे. पण अशी गोष्ट वाचलेल्या माणसाला हरवलेले मूल म्हणजे काय हे ठाऊक असते. ते एका घराचे असते, त्याला नाव असते, ते कुठल्या तारखेला गेले हे आईला पाठ असते.

असा एखादा माणूस १ जुलैच्या त्या बाजारात असता, तर त्याने गलका ऐकून पहिला प्रश्न वेगळा विचारला असता. पळवणारे कुठे आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांनी विचारले. मूल कुणाचे गेले, हे विचारले असते तर बाजारातल्या प्रत्येकाला आपापले मूल जागेवर दिसले असते.