अद्भुताचे घरगुती रूप : ‘माय नेबर तोतोरो’ आणि जनाबाई

भरताने अद्भुत रसाचे दिव्य आणि आनंदज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला दिव्यदर्शनातून संभवतो, दुसरा हर्षातून. विस्मय हा दोहोंचा स्थायीभाव. विस्फारलेले नेत्र, रोमांच, अश्रू हे त्याचे अनुभाव. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचा आस्वाद घेताना ही विभागणी अपुरी पडते.

चित्रपटातील बसथांब्याचा प्रसंग पाहावा. आई रुग्णालयात आहे. झोपलेल्या धाकट्या मेईला पाठीवर घेऊन सात्सुकी पावसात वडिलांची वाट पाहत उभी आहे. डोक्यावर पान ठेवलेला प्रचंड वनप्राणी शेजारी येऊन उभा राहतो. सात्सुकी क्षणभर दचकते आणि वडिलांसाठी आणलेली छत्री त्याला देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा नाद त्याला सुखावतो. येथे हालचाल अत्यल्प आहे. दिव्याचा उजेड, ओला रस्ता आणि लांबत जाणारी प्रतीक्षा यांतूनच प्रसंग घडतो. अलौकिक लौकिकाला छेद देत नाही. ते त्याच रांगेत उभे राहते.

हा गुण माध्यमाचे अपरिहार्य फलित नव्हे. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचा भारत-जपान सहयोगातील ‘रामायण’ (१९९२) हाही हाताने रेखाटलेलाच चित्रपट. त्याचे अद्भुत मात्र महाकाव्याच्या परिमाणाचे, युद्धाचे आणि दिव्यास्त्रांचे आहे. म्हणजे ‘तोतोरो’मधील सौम्यता ही दिग्दर्शकाची निवड ठरते.

मराठी वाचकाला या निवडीची ओळख जुनी आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे जन्मगाव. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल दळू लागतो, तिची वेणी घालतो, शेण्या वेचतो. तेथेही विस्मयाचा उद्गार जवळजवळ नाही. काम चालू राहते. दिव्यदर्शन आणि हर्ष एकाच कृतीत मिसळतात. त्यामुळे या अभंगांना केवळ चमत्कारकथा म्हणणे हे ‘तोतोरो’ला केवळ बालरंजन म्हणण्याइतकेच अपुरे आहे.

तथापि हे साम्य ताणता येत नाही. जनाबाई नामदेवाघरची दासी. तिचे एकाकीपण स्त्रीत्वाने आणि दास्याने घडलेले आहे. म्हणून तिचा देव कष्टांत वाटेकरी होतो. सात्सुकीचे एकाकीपण आईच्या आजारपणाचे, अकाली आलेल्या जबाबदारीचे आहे. तोतोरो तिचे काम करत नाही. तो फक्त सोबत थांबतो. एका ठिकाणी अद्भुत श्रम हलका करते, दुसऱ्या ठिकाणी प्रतीक्षा सुसह्य करते. या भेदाची दखल न घेणारी तुलना जनाबाईचे जाते केवळ सुंदर प्रतिमा म्हणून पाहील आणि त्यामागचे दास्य तिच्या नजरेतून सुटेल.