लेखनिकाचा हात: अपंग विद्यार्थ्याचे शालेय आत्मकथन आणि शब्दांची मालकी

अपंग व्यक्तीच्या आत्मकथनाकडे मराठी समीक्षेने बहुधा जिद्दीची गाथा म्हणून पाहिले आहे. ‘संकटावर मात’ हा त्या वाचनाचा ठरलेला शब्द. या वाचनपद्धतीत दोनच प्रसंगांना महत्त्व येते: आघाताचा क्षण आणि यशाचा क्षण. मधली शाळा वगळली जाते. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातील आघात ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावरचा आहे, विद्यार्थिदशेतला आहे. तरीही त्या पुस्तकाची चर्चा होते ती पुढील संस्थाकार्याच्या संदर्भात. वस्तुतः ज्याचे अपंगत्व जन्माचे किंवा बालपणीचे आहे, त्या किशोरवयीन निवेदकाला आपल्या शरीराची ओळख जुनीच असते. त्याच्या दृष्टीने नवी असते ती शाळा. ही शाळा त्याला एक असा प्रश्न विचारते, जो इतर मुलांना सहसा विचारला जात नाही: हे उत्तर तुझेच कशावरून?

या प्रश्नाचे कारण उघड आहे. अशा विद्यार्थ्याचा शब्द कोणाच्या तरी हातातून कागदावर येतो. तळहातावर अक्षरे लिहिणारी शिक्षिका, प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देणारा अनोळखी गृहस्थ, टंकलेखन करताना डोके सावरून धरणारी आई अशी या मध्यस्थांची रूपे भिन्न असली, तरी त्यांचे स्थान एकच आहे. शाळेला मध्यस्थ आवश्यक वाटतो आणि संशयास्पदही वाटतो. हेलन केलर, क्रिस्टोफर नोलन आणि वेद मेहता यांची शालेय आत्मकथने शेजारी ठेवली असता या संशयाला प्रत्येकाने दिलेले उत्तर वेगळे दिसते, आणि त्या उत्तराने प्रत्येक संहितेचे रूप ठरवले आहे.

मराठी वाचकाला हेलन केलर परिचित आहे ती 1887 मधील, पाण्याच्या पंपापाशी शब्दाचा अर्थ उमगलेली सहा वर्षांची मुलगी म्हणून. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (1903) या पुस्तकाचा पुढचा भाग मात्र वेगळ्या, काहीशा कोरड्या सुरात चालतो, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. अकराव्या वर्षी तिने ‘द फ्रॉस्ट किंग’ ही कथा लिहिली. मार्गारेट कॅन्बी यांच्या कथेशी तिचे साम्य आढळले. 1892 मध्ये पर्किन्स संस्थेत शिक्षक आणि अधिकारी यांच्या मंडळासमोर त्या मुलीची चौकशी झाली. त्या वेळी अ‍ॅन सलिव्हन यांना खोलीबाहेर ठेवण्यात आले होते. मध्यस्थाला दूर केले की खरा लेखक सापडेल, असे या चौकशीचे गृहीतक. त्यानंतर आपण लिहितो ते आपलेच आहे ना, ही शंका केलर यांच्या लेखनाला कायमची चिकटली, आणि ती त्यांनी लपविली नाही.

सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षीच्या परीक्षांची प्रकरणे या पार्श्वभूमीवर वाचावी लागतात. 1897 मध्ये केंब्रिज येथील शाळेचे प्रमुख आर्थर गिलमन यांनी प्रश्नपत्रिका तिच्या तळहातावर बोटांनी लिहून दाखवल्या. टंकयंत्राच्या आवाजाचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून तिला वेगळ्या खोलीत बसवले गेले. 1899 मध्ये महाविद्यालयाने सलिव्हन यांना प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची परवानगी नाकारली. पर्किन्समधील एका शिक्षकाने त्या अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून दिल्या. हा गृहस्थ तिला अपरिचित होता. ब्रेलखेरीज त्यांच्यात संवादाचे दुसरे साधन नव्हते. भाषाविषयांत यामुळे अडले नाही, बीजगणितात मात्र अडले. इंग्लिश, अमेरिकन आणि न्यूयॉर्क पॉइंट या तीनही लिप्या तिला वाचता येत होत्या. पण भूमितीची आणि बीजगणिताची चिन्हे प्रत्येक पद्धतीत वेगळी, आणि बीजगणितासाठी तिने वापरली होती ती केवळ इंग्लिश ब्रेल. परीक्षेच्या आदल्या रात्री ती कंस आणि मूळचिन्ह यांचा फरक पाठ करीत बसली होती. परीक्षकांच्या लेखी हा निःपक्षपातीपणाचा कळस होता: मध्यस्थ अनोळखी, म्हणून उत्तर शुद्ध. प्रत्यक्षात तपासले गेले ते गणिताचे ज्ञान फारसे नव्हे. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत उडी घेण्याची क्षमता तपासली गेली. केलर यांनी हा प्रसंग तक्रारीचा सूर न लावता तपशिलांनी उभा केला आहे. त्या प्रकरणाचे बळ या चिन्हांच्या हिशेबात आहे. पुस्तकातील फुलापानांच्या अलंकारिक वर्णनांत ते नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही. भारतात लेखनिकासंबंधी केंद्र शासनाने 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, अशी अट होती. लेखनिकाला कमी कळले पाहिजे, म्हणजे कळणारा परीक्षार्थीच असल्याची खात्री पटते. संशयाची ही व्यवस्था पर्किन्समधील बंद दाराइतकीच बोलकी आहे.

क्रिस्टोफर नोलन (1965-2009) यांचे अपंगत्व वेगळे होते. जन्मवेळी प्राणवायू कमी पडल्याने शरीरावर ताबा नव्हता, बोलता येत नव्हते. अकराव्या वर्षी औषधाने मानेच्या स्नायूंवर थोडे नियंत्रण आले आणि कपाळाला बांधलेल्या काडीने ते एकेक अक्षर टंकलिखित करू लागले; आई त्यांचे डोके सावरून धरी. डब्लिन येथील माउंट टेम्पल या सर्वसाधारण शाळेत त्यांचे शिक्षण झाले. ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ (1987) हे आत्मकथन तृतीयपुरुषी आहे. नायकाचे नाव जोसेफ मीहन. समीक्षकांनी या निवेदनपद्धतीकडे बहुधा कादंबरीपणाची खूण म्हणून पाहिले. तिचे कारण अधिक खोल आहे. ज्याच्या प्रत्येक अक्षरामागे आईचा हात दिसतो, त्याने ‘मी’ लिहिले तर वाचक लगेच विचारणार, कोणता मी? नोलन हा प्रश्न येण्यापूर्वीच निकाली काढतात. जोसेफला बाहेरून पाहणारा एक लेखक ते उभा करतात, आणि त्या लेखकाची शब्दकळा इतकी तऱ्हेवाईक, अनुप्रासांनी इतकी लगडलेली, नवे शब्द पाडणारी आहे की ती दुसऱ्या कोणाची असणे अशक्य वाटावे. जॉइसशी केली जाणारी तुलना यामुळे अपुरी ठरते. जॉइसला आपली शैली आपलीच असल्याचा पुरावा द्यायचा नव्हता.

अर्थात या शैलीची किंमतही आहे. शाळेतील इतर मुले, जी जोसेफची चाकाची खुर्ची ढकलतात, त्याच्या डोळ्यांच्या खुणा वाचायला शिकतात, ती शब्दांच्या या आतषबाजीत धूसर होतात. सर्वसाधारण शाळेत अपंग मूल एकटेच असते. तेथे त्याच्यासारखा दुसरा नसतो. नोलन यांच्या गद्यातील गर्दी ही काही अंशी या एकटेपणाची भरपाई वाटते.

वेद मेहता (1934-2021) यांच्याकडे वळल्यावर चित्र पालटते, कारण त्यांची शाळा विशेष शाळा आहे. चौथे वर्ष पूर्ण होण्याआधी दृष्टी गेलेला हा लाहोरच्या डॉक्टरांचा मुलगा 1949 मध्ये, पंधराव्या वर्षी, एकटा अमेरिकेला गेला आणि लिटल रॉक येथील अंधशाळेत दाखल झाला. औपचारिक शिक्षण जेमतेम, इंग्रजी कच्चे. या तीन वर्षांचे वर्णन त्यांनी दोनदा केले: ‘फेस टू फेस’ (1957) मध्ये तरुणपणी, दुसऱ्याला सांगून लिहवून घेत, आणि ‘साउंड-शॅडोज ऑफ द न्यू वर्ल्ड’ (1986) मध्ये पन्नाशीत. पहिल्या पुस्तकात हा काळ पुढच्या प्रवासातला एक टप्पा आहे. दुसऱ्यात तो एक संपूर्ण ग्रंथ झाला आहे, आणि जे पहिल्यात ओझरते होते ते येथे विषय बनले आहे: रस्ता ओलांडणे, अडथळ्याची ध्वनिछाया चेहऱ्यावर जाणवणे, मुलींशी बोलण्याची भीती. शंभर मुले जेथे अंध आहेत, तेथे अंधत्व ही बातमी उरत नाही. उरते ते पौगंडावस्थेचे नेहमीचे लाजिरवाणे जग. विशेष शाळेने मेहतांना दिलेला हा सामान्यपणा नोलन यांना सर्वसाधारण शाळेत मिळाला नाही. समावेशक शिक्षणाचा आजचा आग्रह धोरण म्हणून योग्यच आहे. पण विशेष शाळा म्हणजे केवळ कोंडवाडा, ही समीक्षेतील सोपी समजूत या पुस्तकापुढे टिकत नाही.

मात्र तो सामान्यपणा सर्वांसाठी नव्हता. लिटल रॉकची ती शाळा गोऱ्यांची होती. कृष्णवर्णीय अंध मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. रंग दिसत नसलेल्या मुलांची रंगानुसार विभागणी, आणि त्यात सावळ्या पंजाबी मुलाचे अनिश्चित स्थान. ‘फेस टू फेस’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, 1957 मध्ये, लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी लष्कर बोलवावे लागले.

मध्यस्थाच्या संशयाला मेहतांचे उत्तर आहे तपशिलांचे. कपडे, चेहरे, खोल्या डोळस लेखकासारख्या वर्णन करण्याची त्यांची सवय अनेकांना खटकली. हे त्याने पाहिले कसे, असे विचारले गेले. नोलन यांनी शैली इतकी वेगळी केली की मालकी निर्विवाद ठरावी. मेहतांनी ती इतकी पारदर्शक ठेवली की हात दिसूच नये.

या साऱ्याच्या मुळाशी एक मराठी प्रकरण आहे, आणि तौलनिक अभ्यासकाने ते निसटू देता कामा नये. लिटल रॉकच्या दहा वर्षे आधी, पाच वर्षांचाही नसताना, मेहतांना मुंबईत दादरच्या अंधशाळेत पाठवण्यात आले होते. ‘वेदी’ (1982) हे पुस्तक त्याविषयी आहे. पंजाबी घरातून आलेला हा मुलगा तेथे गरीब, बहुतांश अनाथ मुलांच्या संगतीत मराठी शिकला. सुखवस्तू घरातला म्हणून त्याचे जेवण मुख्याध्यापकांच्या घरी. झोपणे मात्र मुलांबरोबर. म्हणजे विशेष शाळेत त्याला मिळालेली पहिली भाषा आईची नव्हती, पुढे लिहायची इंग्रजीही नव्हती. ती रात्री खाटांवरून ऐकू येणारी मराठी होती. पुस्तकात तिचे अवशेष आहेत, पण त्या मुलांचे बोलणे वाचकापर्यंत येते ते न्यूयॉर्कमध्ये लिहिलेल्या निर्दोष इंग्रजीतून. येथे लेखनिक झाले आहेत ते स्वतः मेहता; आणि ज्यांचा शब्द ते लिहून देत आहेत, ती मुले आपले उत्तर तपासायला त्या खोलीत नाहीत.