चुकलेल्या पत्त्यावरचा कार्यक्रम

'पेळ्ळी चूपुलु' म्हणजे आपल्याकडचा बघण्याचा कार्यक्रम. तरुण भास्करच्या २०१६ सालच्या तेलुगू सिनेमाचं नाव तेच, आणि गोष्ट सुरू होते तीही तिथेच. मोठी माणसं बाहेर बसली आहेत, मुलाला आणि मुलीला 'बोलून घ्या' म्हणून आतल्या खोलीत पाठवलंय. तेवढ्यात खोलीचं दार अडकतं. प्रशांत (विजय देवरकोंडा) आणि चित्रा (रितू वर्मा) आत कोंडले जातात आणि वेळ काढायचा म्हणून एकमेकांना आपापली गोष्ट सांगतात. मग कळतं, मुलाकडचे चुकीच्याच घरी आले होते.

सिनेमा का जमलाय याचं उत्तर मला या दोन अपघातांत दिसतं. दार अडकल्यामुळे दहा मिनिटांची मुलाखत लांबते. पत्ता चुकल्यामुळे तिचा निकाल लावायची गरजच उरत नाही. पसंत-नापसंत कळवायचं नसलं की माणसं बरी बोलतात. पगार, उंची, 'स्वयंपाक येतो का' हे सगळं गळून पडतं. गंमत म्हणजे इथे स्वयंपाक येतो तो मुलालाच.

आपल्या सतीश राजवाडेंच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने (२०१०) हीच युक्ती उलटी वापरली होती. मुक्ता बर्वेची नायिका नकार पक्का करूनच पुण्यात येते, स्वप्नील जोशीला पत्ता विचारते आणि दिवसभर त्याच्याबरोबर फिरते. तो तोच मुलगा असतो (एवढ्या वर्षांनी हे सांगायला हरकत नसावी). तेलुगूत चुकीच्या घरी योग्य माणूस भेटतो. मराठीत योग्य माणूस परका म्हणून वावरतो. दोघांना पहिल्या सिनेमात नावंसुद्धा नाहीत. २०१५च्या दुसऱ्या भागात ती गौरी आणि तो गौतम होतो, दोन्ही घरं गोष्टीत येतात, लग्न ठरतं. तो भाग मला पहिल्याइतका भावला नाही. पुन्हा निकाल लावणं आलं ना!

हे दोन्ही सिनेमे शहराचे आहेत, हेही लक्षात घ्यायला हवं. मी गडबचा. मुंबई-गोवा महामार्गावरून अनोळखी गाडी आमच्या गावात वळली की तिसऱ्या घरापर्यंत चौकशी होते, पाहुणे कुणाकडे, कुठून, मुलगा काय करतो. इथे पत्ता चुकणं अशक्य. चुकलाच तर चार जण गाडीपुढे चालत योग्य घरी पोचवतील आणि चहालाही थांबतील. अनोळखी माणसाशी निकालाविना बोलायची सोय ही शहराची देणगी आहे. त्यामुळे गावातली अशी प्रेमकथा कुणी लिहायला घेतली तर तिला दुसरा अपघात शोधावा लागेल.

पण 'मुंबई-पुणे-मुंबई' शेवटपर्यंत बोलण्यावर चालतो, आणि 'पेळ्ळी चूपुलु' मध्यावर बोलणं सोडून कामाला लागतो. चित्राला फूड ट्रक चालवायचाय, प्रशांतला रांधता येतं. हा रखडत इंजिनिअर झालेला पोरगा, आमच्याकडे ज्याला केटी म्हणतात त्या विषयांच्या ओझ्याखाली दबलेला. आता त्याने वेळेवर उठावं, माल आणावा, गिऱ्हाईक सांभाळावं, एवढीच तिची अपेक्षा. प्रेमाचा उच्चार फार उशिरा येतो. त्याआधी ती त्याच्यावर विसंबायला लागते, आणि आपल्यावर कुणी विसंबलंय हे त्याच्या अंगवळणी पडतं. आयटीत काम करणाऱ्याला हे पटकन कळावं. शेजारच्या टेबलावरचं माणूस कसं आहे ते रिलीजच्या रात्री समजतं, टीम लंचला नाही. आईला मी हा सिनेमा सबटायटल वाचून दाखवत बघितला. तिचा पहिला प्रश्न होता, गाडी कुणाच्या नावावर आहे? प्रश्न अगदी बरोबर होता, कारण या दोघांचं भांडण अशाच व्यवहारी गोष्टींतून वाढत जातं.

दुसरं बळ बोलीचं. आवाज सेटवरच टिपलेला आहे, त्यामुळे वाक्यं एकमेकांत घुसतात, अडखळतात. प्रियदर्शीने केलेला मित्र, कौशिक, तेलंगणाच्या बोलीत बोलतो. त्याच्यावर हसू येतं ते त्याच्या स्वभावामुळे. बोली हसण्याचा विषय होत नाही. संवादांसाठी या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शिवाय सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचाही. आमच्या आगरी बोलीचं मराठी पडद्यावर बहुतेक वेळा काय होतं हे आठवलं की मला याचा हेवा वाटतो. पात्राने तोंड उघडलं की विनोद सुरू, अशी ती सोय झाली आहे.

खटकतं ते एवढंच की चित्राच्या आधीच्या प्रियकराला सिनेमा फार झटपट निकालात काढतो. ट्रकचं स्वप्न त्या दोघांनी मिळून पाहिलं होतं. तो मागे का हटला याला पाच मिनिटं जास्त मिळाली असती, तर प्रशांतच्या टिकून राहण्याला आणखी वजन आलं असतं. इतरांना भरपूर समजून घेणारा दिग्दर्शक याच एका पात्राच्या बाबतीत घाईत दिसतो.