युद्धविमानांचे चलच्चित्र आणि औशाची स्मृती

सप्टेंबर १९४८ मधील हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमाने सहभागी होती. दिनांक १३ रोजी सोलापूरहून निघालेल्या सैन्याने नळदुर्ग घेतले. १४ रोजी उमरग्यापुढे राजेश्वरचा मार्ग या विमानांच्या हल्ल्यांनी मोकळा झाला. औसा त्या मार्गाच्या उत्तरेस, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात होते. दुसऱ्या महायुद्धातील टेंपेस्टची चलच्चित्रे पाहताना या भागातील वृद्धांस १९४८ आठवावे, हे स्वाभाविकच होय. तथापि आठवण जागी करणे निराळे आणि तिला पुरावा पुरविणे निराळे. या दोहोंची गल्लत कशी होते, ते पाहिले पाहिजे.

पहिली गल्लत विमानाच्या ओळखीची. १९४४ मध्ये इंग्लंडवर येणाऱ्या जर्मन उडत्या बाँबांचा पाठलाग केला तो पाचव्या बनावटीच्या टेंपेस्टने. त्याच्या नाकाखाली शीतकाचा मोठा जबडा दिसतो. भारताकडे आलेले विमान दुसऱ्या बनावटीचे, गोल नाकाचे होते. पडद्यावर ‘हेच ते’ म्हणून ओळखले जाणारे विमान पुष्कळदा ते नसतेच.

दुसरी गल्लत अधिक खोल आहे. लढाऊ विमानातील कॅमेरा बंदुकीबरोबर चालू होतो. तो जे टिपतो ते वरून आणि मुके असते. आवाज, संगीत व निवेदन मागाहून जोडलेले असते. खाली उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव नेमका उलट असतो. त्याला आधी घरघर ऐकू येते, विमान मागाहून दिसते, आणि वैमानिक तर दिसतच नाही. असे चित्र वारंवार पाहणारा माणूस स्वतःच्या आठवणीकडेही वैमानिकाच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे. ग्रामीण बोलीत ‘विस्तव’चा ‘इस्तव’ होतो, त्याच नियमाने ‘विमान’चे ‘इमान’ होते. निष्ठावाचक अरबी ‘इमान’शी होणारे हे साम्य केवळ ध्वनीचे आहे, त्यातून अर्थ काढणे शास्त्रशुद्ध नव्हे. ‘पोलीस ॲक्शन’ या शब्दाची गोष्ट मात्र तशी नाही. रणगाडे आणि विमाने घेऊन झालेल्या कारवाईस पोलिसी नाव देणे हा हेतुपूर्वक केलेला शब्दप्रयोग होता, आणि तो लोकभाषेत रुजला. येथे चित्र शब्दाला खोटे ठरविते. चित्राचा खरा उपयोग तो हाच.

परंतु चित्रालाही मर्यादा आहे. विजयाची चित्रकथा १७ सप्टेंबरच्या युद्धबंदीने आणि दुसऱ्या दिवशीच्या शरणागतीने संपते. रझाकारांचा जुलूम सोसलेल्या घरांत विमानाची घरघर ही सुटकेची चाहूल म्हणून आठवली जाते. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांच्यावर सूड उगविला गेला, त्या मुसलमान कुटुंबांत तोच आवाज संकटाचा आरंभ ठरतो. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या हिंसेतील मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज केला आणि अत्यंत पीडित जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

त्या आठवड्यांवर कोणत्याही विमानातील कॅमेरा रोखलेला नव्हता. म्हणून औशासारख्या गावात हे चित्र दाखवावयाचे असेल, तर प्रथम दोन्ही प्रकारच्या घरांतील माणसांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. पडदा त्यानंतर लावावा. हा क्रम उलटला, तर वृद्ध बोलतील. पण जे बोलतील ते त्यांनी पाहिलेले असेल की पडद्यावरचे, हे सांगणे पुढे कोणत्याही संशोधकास शक्य होणार नाही.