कोहळ्यावरचा पहिला छेद

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, अगदी छोटा. सगळं शास्त्र पाठ असलं तरी ज्याने हात चालवला नाही तो कामाला नालायक, एवढं सुनावून ग्रंथकार सरळ बाजारात शिरतो. कापायला शिकायचंय? कोहळा, दुध्या, कलिंगड घ्या. फोडायला पाणी-चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी. शिरेचा वेध घ्यायला मेलेल्या जनावराची शीर, नाहीतर कमळाचा देठ.

यादीची खरी गंमत निवडीत आहे. बहुतेक वस्तू अवयवासारख्या दिसत नाहीत. जुळवलाय तो हाताला होणारा विरोध. नाडीव्रणाचा, म्हणजे आत खोल वाट काढत गेलेल्या जखमेचा, माग काढायला किड्याने पोखरलेलं लाकूड सांगितलंय. तिथे सळईने नवी वाट पाडायची नाही, किड्याने पाडलेली हुडकायची. रुतलेलं काही उपसायला फणस आणि बेलाचा गर, आणि त्यांच्याच शेजारी मेलेल्या जनावराचे दात! (आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं, जंजिऱ्याचं नव्हे, फणस इथे पाहुणा. बेलावर भागवावं लागेल.) गर हळूहळू सुटतो, दात हट्टाने धरून बसतो. हे दोन्ही एका कामाखाली मांडणाऱ्याने चिमटा स्वतः धरलेला असणार.

उणिवा दोनच, पण मोठ्या. कोहळ्याला रक्त येत नाही. शिवाय याच ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात नवं नाक घडवायची शस्त्रक्रिया आहे, पण तिच्या तालमीसाठी स्वतंत्र वस्तू नेमलेली नाही. जे काम क्वचितच समोर येतं ते रेसिडेंटला शिकवायचं कसं, हा लातूरच्या मेडिकललाही सुटलेला प्रश्न नसावा.

१७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापलेलं पत्र इथे आठवतं. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने नवं नाक बसवलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून पाहिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवली. दोन भुवयांमधला देठ मात्र राखला. वर भिजवलेल्या काताची पट्टी, चार दिवसांनी तुपात बुडवलेलं कापड. नवशिक्याला चुकायची मुभा मेणावर, कातडीवर नाही.

लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू याने ही रीत कागदावरूनच घेतली. शवांवर हात बसवला आणि जिवंत माणसावर सुरी धरली ती १८१४ साली.