तीन कावळे

सुरतच्या सचिन भागातल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीभोवतीच्या खोल्यांमधून धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ कुटुंबं राहतात. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती किंवा मराठी. अशा घरातल्या मुलाला कावळा दोनदा भेटतो. आजीच्या गोष्टीत त्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलेलं असतं आणि तो चिमणीच्या दारात भिजत उभा असतो. गुजराती गोष्टीत तो गिजुभाई बधेकांचा आनंदी कावळा असतो. राजा त्याला चिखलात फेकायला लावतो, विहिरीत टाकायला लावतो, पण कावळ्याला दर शिक्षेत नवी मजा सापडते, आणि शेवटी राजाच थकतो.

तिसरा कावळा खूप लांबचा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या हैडा ग्वाई बेटांवरचा हा डोमकावळा. जगात अंधार असतो, कारण एका म्हाताऱ्याने उजेड पेटीत कोंडून ठेवलेला असतो. डोमकावळा झाडाची सुई होऊन पाण्यात पडतो, म्हाताऱ्याची मुलगी ते पाणी पिते, आणि तो तिच्याच पोटी जन्म घेतो. मग पेटीसाठी असं रडगाणं लावतो की आजोबा विरघळतात. हा परोपकारी वीर नव्हे. तो भुकेला, खोटारडा, वखवखलेला आहे. उजेड जगाला मिळतो तो त्याच्या हावरेपणाच्या वाटेने.

या गोष्टी हाती राहिल्या हेच नवल. 1862च्या देवीच्या साथीनंतर तिथल्या हैडा लोकांची गावंच्या गावं ओस पडली. 1900–01 मध्ये जॉन स्वॉन्टन हा अमेरिकन अभ्यासक तिथे गेला आणि स्काय, गांडल अशा कथेकऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं हैडा भाषेतच लिहून घेतलं. स्कायची पाठ मोडलेली, गांडल आंधळा. 1984 मध्ये शिल्पकार बिल रीड आणि कवी रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी 'द रेवन स्टील्स द लाइट'मध्ये त्या कथा नव्या वाचकांसाठी सांगितल्या आणि डोमकावळ्याची वासनाही राहू दिली. पुढे 1999 मध्ये ब्रिंगहर्स्टने स्काय आणि गांडल यांना थोर कवी मानून त्यांच्या कथांवर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा काही हैडांनी विचारलं: आम्हाला न विचारता? कथेकऱ्याचं नाव ठळक करणारं पुस्तक मला मोलाचं वाटतं आणि हैडांचा प्रश्नही पूर्ण रास्त वाटतो.

आता आपला कावळा बघा. अनेक घरांत सांगितली जाणारी मूळ गोष्ट बरीच खट्याळ आहे. कावळा एकदाचा घरात शिरतो आणि रात्री अंधारात चिमणीचे चणे कटकट खातो. चिमणी आवाजाचं विचारते, तर म्हणतो, सुपारी खातोय. बालपुस्तकांत हा भाग बहुधा गळतो. उरतं काय? नीटनेटकी चिमणी, आळशी कावळा आणि खाली एक बोध. लबाडी कापली की गोष्टीचा जीवच जातो. मुलाला त्या अंधारातल्या खोटेपणाचीच गोडी असते, कारण रात्री डब्यातलं खाताना त्यानेही तेच केलेलं असतं. मराठीतल्या बालकथांच्या पुनर्कथनाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

गिजुभाईंनी हे ओळखलं होतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मुलांना गोष्टी सांगत असताना त्यांनी त्या गोष्टींना धड्यांचं ओझं लावलं नाही, म्हणून त्यांचा कावळा आजही हलका उडतो.

सांगणाऱ्यांच्या नावांच्या बाबतीत तर आपलं दारिद्र्य जुनं आहे. 1868च्या 'ओल्ड डेक्कन डेज'मध्ये मेरी फ्रियरने निदान कथा सांगणाऱ्या अ‍ॅना लिबराटा डिसूझा या आयाचं नाव दिलं आणि तिची जीवनकहाणीही छापली. त्यानंतर आपल्या किती संग्रहांनी एवढंही केलं? गोष्ट छापली की तिचा मालक 'लोक' होतो आणि सांगणारी बाई पुसली जाते.

आशेच्या खुणा आहेत. बडोद्याच्या 'भाषा' संस्थेच्या 'ढोल' उपक्रमात सटाण्याचे सुधीर देवरे यांनी अहिराणी अंक काढले. तिथे अहिराणी ही मराठीची मोडकी बोली म्हणून येत नाही, स्वतःच्या तोंडाने बोलते. डांगमध्ये कोकण्यांची थाळी-कथा आहे: काशाच्या थाळीवर मधमाशीच्या मेणाने काडी चिकटवून तिच्यावरून बोटं ओढायची, त्या घुमणाऱ्या सुरात रात्रभर कथा चालते. डाह्याभाई वाढूंनी कोकणा रामकथा नोंदवली. त्याच डांगातली माणसं हंगामात कोयता घेऊन सुरत जिल्ह्यात ऊसतोडीला येतात. सचिनपासून फार लांब नाही हे रान.

पण यातलं बरंच पुस्तकांच्या कपाटातच राहतं. सचिन 2020 मध्ये सुरत महापालिकेत आलं आणि महापालिकेच्या शाळा मराठीसह अनेक माध्यमांत चालतात. तेव्हा अहिराणी गोष्ट, सांगणारीच्या नावासह, गुजराती आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत शेजारी छापलेलं एक पातळ पुस्तक तिथल्या मुलांच्या हातात असलं पाहिजे, आणि त्यात चणे खाणारा कावळा न कापता आला पाहिजे. हैडांकडून घ्यायची ती एवढी एक गोष्ट: आधी विचारणं, मग नाव लिहिणं, मगच सांगणं.

आजी गोष्ट थांबवते, कारण पिठाला हात लावायचा असतो. नातू तिचा पदर ओढतो: ''मंग काय व्हयनं?'' ती परातीत पाणी घालते आणि सुपारीचा आवाज काढते. कट, कट.